मौनाला बोलते करणारी अभिनेत्री : नूतन

१९५९ साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ प्रदर्शित झाला. कथा बंगाली, दिग्दर्शक बंगाली आणि पडद्यावरचे घरही एका बंगाली अभियंत्याचे. परंतु त्या घरातील स्त्रियांकडे जरा लक्षपूर्वक पाहिले, तर एक मौज ध्यानात येते. घरची गृहिणी म्हणजे सुलोचना, तिची लाडकी लेक शशिकला, सोवळ्याओवळ्याचा पगडा असलेली वडीलधारी आत्या ललिता पवार आणि या घरात आश्रित म्हणून वाढलेली सुजाता म्हणजे नूतन. चौघीही मराठी. परप्रांताचे घर आपलेसे करून त्यात सहज वावरणाऱ्या या चौघींपैकी सर्वांत कमी बोलते ती सुजाता आणि प्रेक्षकांच्या मनात सर्वांत अधिक काळ राहते तीही सुजाताच.

नूतनच्या साऱ्या कारकिर्दीचे सार या एका भूमिकेत सामावले आहे. रूपगर्विता नायिकांच्या काळात ती साध्या सुती साडीत पडद्यावर आली. संवादांच्या आतषबाजीच्या काळात तिने मौनाचा आश्रय केला. मराठी घरात जन्मलेली ही मुलगी बंगालची कल्याणी झाली, गुजरातची कुमुद झाली, गंगाकाठची राधा झाली, ताडगूळ रांधणारी माजुबी झाली आणि त्या त्या प्रांताने तिला आपलीच लेक मानले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीपण जपणाऱ्या आणि त्याच वेळी त्या मातीशीही एकजीव झालेल्या कुटुंबांना तिचे हे वैशिष्ट्य वेगळे उलगडून सांगण्याची गरज नाही.

नूतनचा जन्म मुंबईत ४ जून १९३६ रोजी झाला. घर कलावंतांचे होते. वडील कुमारसेन समर्थ हे दिग्दर्शक, तर आई शोभना समर्थ त्या काळातील अग्रगण्य अभिनेत्री. मास्टर विनायक यांच्या ‘विलासी ईश्वर’मधून १९३५ साली रजतपटावर आलेल्या शोभनाबाईंना खरी कीर्ती मिळवून दिली ती विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’ने. १९४३ सालच्या या चित्रपटातील त्यांची सीता इतकी लोकप्रिय झाली, की त्या वेषातील त्यांची चित्रे दिनदर्शिकांवर छापली जाऊ लागली आणि ती भिंतीवर लावून लोक हात जोडू लागले. घराघरांत जिची पूजा होते अशा देखण्या आईच्या पोटी आपण जन्मलो, ही गोष्ट लहानग्या नूतनला अभिमानाची वाटली असेल. परंतु तिचा भारही तिच्यावर काही कमी पडला नाही.

चार भावंडांत ती थोरली. तिच्या पाठीवर तनुजा, चतुरा आणि जयदीप. नूतन अंगाने कृश, वर्णाने सावळी, स्वभावाने बुजरी. येणारेजाणारे आईकडे पाहत, मग मुलीकडे पाहत आणि जे बोलू नये ते बोलून जात. आपण कुरूप आहोत, ही समजूत त्या वयातच तिच्या मनात रुजली. मोठ्यांच्या तोंडून सहज सुटलेला शब्द लहान मुलाच्या मनात किती खोल जाऊन बसतो, हे ज्यांनी मुले वाढवली आहेत ते सारेच जाणतात. पुढे आईवडिलांची ताटातूट झाली. संसाराची आणि मुलांची जबाबदारी शोभनाबाईंनी एकटीने उचलली.

आईनेच मुलीच्या भीतीवर उपाय शोधला. १९५० साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘हमारी बेटी’ या चित्रपटात नूतनला नायिका केले. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. आपल्या रूपाविषयी साशंक असलेल्या मुलीला कॅमेऱ्यापुढे उभे करणे हा मोठा धाडसी निर्णय होता. पुढच्याच वर्षी तिचे ‘नगीना’ आणि ‘हम लोग’ हे दोन चित्रपट झळकले. ‘नगीना’ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळाले होते आणि नायिका स्वतः अल्पवयीन होती. त्यामुळे आपल्याच चित्रपटाच्या खेळाला तिला दारावर अडवले गेले, हा किस्सा चित्रसृष्टीत आजही कौतुकाने सांगितला जातो. ‘हम लोग’मध्ये झिया सरहदी यांनी मध्यमवर्गीय घराची ओढाताण रंगविली होती. बलराज साहनी यांच्यासारख्या कसलेल्या नटासमोर या कोवळ्या मुलीने उभे राहून दाखविले आणि जाणकारांचे लक्ष तिच्याकडे वळले.

तरीही मनातील न्यूनगंड सरला नव्हता. १९५३ साली शोभनाबाईंनी तिला शिक्षणासाठी स्वित्झर्लंडला पाठविले. कारकीर्द नुकती सुरू झालेली असताना मुलीला कामापासून दूर, परक्या देशात शाळेत धाडणारी आई त्या काळच्या चित्रसृष्टीत विरळाच. तेथे कोणी तिची तुलना आईशी करीत नव्हते. पडद्यावरची कीर्ती तेथे पोहोचली नव्हती आणि घरातले शेरेही नव्हते. तिची प्रकृती सुधारली, चालण्याबोलण्यात आत्मविश्वास आला. परत आली ती एक वेगळीच नूतन.

तिच्या या नव्या रूपाची ओळख १९५५ साली अमिय चक्रवर्ती यांच्या ‘सीमा’ने करून दिली. नातेवाइकांच्या आश्रयाला राहणारी, चोरीचा खोटा आळ येऊन सुधारगृहात पोहोचलेली अनाथ गौरी तिने साकारली. ही गौरी रडून सहानुभूती मागत नाही. ती चिडते, पळून जाते, काचा फोडते, कोणाचेही ऐकत नाही. सुधारगृहाचा सहृदय व्यवस्थापक, म्हणजे बलराज साहनी, तिच्या रागामागची जखम ओळखतो आणि हळूहळू तिचा माणसांवरचा विश्वास परत येतो. ज्या मुलीला सारे जग वाईट म्हणते, तिच्या हट्टामागे अन्याय दडलेला असू शकतो, ही गोष्ट या चित्रपटाने सांगितली. शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आवर्जून पाहावा असा हा चित्रपट आहे. या भूमिकेसाठी नूतनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तेव्हा तिच्या वयाची विशीही जेमतेम उलटली होती.

त्यानंतरची काही वर्षे तिने विविध प्रकारच्या भूमिका केल्या. ‘पेइंग गेस्ट’मध्ये देव आनंदबरोबर ती खट्याळ आणि प्रसन्न दिसली. ‘दिल्ली का ठग’मध्ये किशोरकुमारच्या जोडीने तिने धमाल केली आणि त्यातील पोहण्याच्या पोशाखामुळे सनातनी मंडळींच्या भुवयाही उंचावल्या. इस्मत चुगताई यांच्या लेखणीतून उतरलेल्या ‘सोने की चिडिया’मध्ये नातलगांनी कमाईसाठी राबविलेल्या अभिनेत्रीची व्यथा तिने मांडली. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’त ती राज कपूरची श्रीमंत, पण निर्मळ मनाची प्रेयसी झाली. हसऱ्या भूमिका तिला जमत नाहीत असे म्हणण्याची सोय तिने कोणालाच ठेवली नाही. पण तिच्या आतला खरा स्वर ओळखला तो बिमल रॉय यांनी.

‘सुजाता’ची कथा सुबोध घोष यांची. अस्पृश्य मानलेल्या समाजातील एक तान्ही पोर आईबाप गेल्यावर एका उच्चवर्णीय अभियंत्याच्या घरी येते. घरचे तिला वाढवितात, खाऊपिऊ घालतात. पण ही आपली मुलगी असे न म्हणता मुलीसारखी आहे असे म्हणतात. ‘मुलगी’ आणि ‘मुलीसारखी’ यांतील अंतर हाच या चित्रपटाचा विषय. सुजाताला हे अंतर कळते त्या क्षणापासून नूतनच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सावधता येते. ती घरातली सारी कामे करते, मान खाली घालून वावरते, फुलझाडांत रमते. अधीर नावाचा सुशिक्षित तरुण, म्हणजे सुनील दत्त, तिच्यावर प्रेम करू लागतो, तेव्हा तिला आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटते. दूरध्वनीवरून तलत महमूद यांच्या आवाजातील गीत ऐकताना नूतनला एकही शब्द उच्चारावयाचा नाही. पदराशी चाळा, भरून आलेले डोळे आणि ओठांवर येता येता थांबलेले हसू, एवढ्या सामग्रीवर तिने तो प्रसंग अजरामर केला.

चित्रपटाच्या शेवटी घरच्या गृहिणीला रक्ताची गरज पडते आणि सुजाताचे रक्त जुळते. आजच्या पिढीतील विद्यार्थी येथे एक रास्त प्रश्न विचारतील. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी सुजातानेच रक्त का द्यावे? पटकथेने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. परंतु नूतनच्या नजरेत तो आहे. तिची सुजाता कृतज्ञ आहे, तरी लाचार नाही. ती गप्प असते, पण सारे समजून असते. १९६० साली हा चित्रपट कान येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविला गेला आणि नूतनला दुसऱ्यांदा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

‘सुजाता’ आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नूतनचा विवाह नौदलातील अधिकारी रजनीश बहल यांच्याशी झाला. त्या काळी नायिकेचे लग्न म्हणजे कारकिर्दीची समाप्ती असे गृहीत धरले जाई. निर्माते पाठ फिरवीत, प्रेक्षकही विवाहितेला प्रेयसीच्या भूमिकेत पाहण्यास राजी नसत. नूतनचा स्वतःचा कलही संसारात रमण्याकडेच होता. अशा वेळी बिमल रॉय ‘बंदिनी’ची कथा घेऊन आले. कल्याणीच्या भूमिकेसाठी त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरी अभिनेत्री नव्हती. पतीनेही प्रोत्साहन दिले. नूतन पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि हिंदी चित्रपटाला त्याची एक श्रेष्ठ व्यक्तिरेखा मिळाली. तिचा होकार आला नसता, तर साठच्या दशकाच्या चित्रपटेतिहासात केवढी पोकळी राहिली असती!

१९६३ सालच्या ‘बंदिनी’चा आधार होता ‘जरासंध’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बंगाली लेखकाची कथा. हे लेखक स्वतः तुरुंगाधिकारी होते, त्यामुळे त्यांच्या कैद्यांना हाडामांसाचा स्पर्श आहे. कल्याणी ही खेड्यातील पोस्टमास्तरची सुसंस्कृत मुलगी. स्वातंत्र्यचळवळीतील विकासबाबूंवर, म्हणजे अशोककुमार यांच्यावर, तिचे प्रेम बसते. ते तिला सोडून जातात, गाव नावे ठेवते आणि वडिलांना त्रास नको म्हणून ती घर सोडते. शहरात रुग्णसेवेचे काम करताना एका विक्षिप्त, छळवादी स्त्रीची शुश्रूषा तिच्या वाट्याला येते. ती स्त्री विकासबाबूंची पत्नी आहे हे तिला कळते, पाठोपाठ वडिलांच्या मृत्यूची वार्ता येते आणि कल्याणीच्या हातून विषप्रयोग घडतो.

हा खुनाचा प्रसंग चित्रपटकलेच्या अभ्यासकांनी वारंवार अभ्यासावा असा आहे. बाहेर लोखंडावर घणाचे घाव पडत आहेत, जोडकामाच्या ठिणग्यांचा उजेड खिडकीतून कल्याणीच्या चेहऱ्यावर उमटतो आणि विझतो. संवाद नाही, आक्रोश नाही. त्या उघडझाप होणाऱ्या प्रकाशात एका सालस मुलीचा तोल कसा सुटतो, हे नूतनचा चेहरा सांगत जातो. प्रेक्षक तिचा गुन्हा पाहतो आणि तरीही तिचा तिरस्कार करू शकत नाही. गुन्हेगाराला पाठीशी न घालता त्याचे दुःख समजावून देणे ही अवघड गोष्ट आहे आणि ती येथे केवळ अभिनयाच्या बळावर साधली आहे.

तुरुंगातील तरुण डॉक्टर देवेन, म्हणजे धर्मेंद्र, कल्याणीचा भूतकाळ जाणूनही तिला स्वीकारण्यास तयार असतो. शिक्षा संपवून ती त्याच्या घरी निघते आणि वाटेत घाटावर तिला आजारी, एकाकी विकासबाबू भेटतात. एकीकडे नव्या आयुष्याकडे नेणारी आगगाडी, दुसरीकडे सुटू पाहणारी आगबोट. कल्याणी आगबोटीकडे धावते. तिचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर गेली साठ वर्षे वाद चालू आहेत. सुखाचा मार्ग सोडून ज्याने दुःख दिले त्याच्याकडे ती का जाते, असा प्रश्न आजच्या मुली विचारतात आणि त्यांनी तो विचारलाच पाहिजे. पण धावणाऱ्या नूतनकडे पाहताना एवढे नक्की जाणवते, की हा निर्णय तिच्यावर कोणी लादलेला नाही. आयुष्यभर इतरांच्या निर्णयांची बंदिनी झालेली स्त्री त्या क्षणी आपले आपण ठरविते. ‘बंदिनी’ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आणि नूतनला तिसरा फिल्मफेअर. बिमल रॉय यांनी पूर्ण केलेला हा अखेरचा कथापट ठरला.

याच वर्षी ती विजय आनंद यांच्या ‘तेरे घर के सामने’मध्येही झळकली. दिल्लीतील शेजारशेजारच्या भूखंडांवर घरे बांधणाऱ्या दोन हट्टी बापांची ही हलकीफुलकी कथा. कुतुबमिनारच्या पायऱ्या उतरत देव आनंदबरोबर हसणारी अवखळ नूतन आणि तुरुंगाच्या भिंतीआड शून्यात पाहणारी कल्याणी ही एकच व्यक्ती आहे, यावर विश्वास बसू नये, असा तो विरोधाभास होता.

साठच्या दशकाचा उत्तरार्ध तिने विवाहित स्त्री आणि आई म्हणून गाजविला. ‘खानदान’, ‘मिलन’, ‘गौरी’ या चित्रपटांत पुन्हा सुनील दत्त तिच्यासोबत होते. ‘मिलन’ हा तेलुगूतील ‘मूग मनसुलु’ या चित्रपटाचा हिंदी अवतार, दिग्दर्शक तेच आदुर्ती सुब्बाराव. जमीनदाराची लेक राधा आणि नावाडी गोपी यांच्या न उच्चारलेल्या प्रेमाची ही पुनर्जन्माची कथा. नूतनने राधेचे अल्लडपण आणि पुढे आलेले वैधव्य यांना इतक्या संयमाने जोडले, की चौथा फिल्मफेअर पुरस्कार तिच्याकडे चालत आला. १९६८ साली गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या ख्यातनाम गुजराती कादंबरीवर गोविंद सरैया यांनी ‘सरस्वतीचंद्र’ काढला. त्यातील कुमुद ही शिकलेली, पत्रांतून आपल्या नियोजित वराशी मन जोडणारी आणि लग्न मोडल्यावर दुसऱ्याच घरात लोटली जाणारी मुलगी. रंगीत चित्रपटांची लाट आलेली असताना कृष्णधवल छायाचित्रणाचा हा एक अखेरचा मोठा आविष्कार होता. त्यासाठी नरिमन इराणी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छायाप्रकाशाच्या त्या खेळात नूतनच्या सावळ्या चेहऱ्याला जी शोभा आली, ती भडक रंगांनी क्वचितच दिली.

या काळातील तिचे सारेच चित्रपट श्रेष्ठ होते असे म्हणता येणार नाही. सोशिक पत्नी आणि त्यागमूर्ती सून या साच्यात तिला वारंवार बसविले गेले. पटकथा अश्रूंवर उभी असे आणि अश्रू मात्र नूतननेच खरे करायचे असत. सामान्य चित्रपटातही एखादा प्रसंग असा येई, की तिच्या केवळ मान वळविण्याने तो खोटेपणापासून वाचे.

१९७३ साली आलेला ‘सौदागर’ हा तिच्या प्रगल्भतेचा पुढचा टप्पा. नरेंद्रनाथ मित्र यांच्या बंगाली कथेवर सुधेंदू रॉय यांनी तो दिग्दर्शित केला. खजुरीच्या रसाचा उत्तम गूळ बनविणारी विधवा माजुबी आणि तो गूळ विकणारा मोती, म्हणजे अमिताभ बच्चन. दुसरीशी लग्न करता यावे म्हणून पैसा हवा, म्हणून मोती माजुबीशी निकाह करतो, तिच्या कष्टांवर कमावतो आणि मग तिला तलाक देतो. नव्या रूपवान बायकोला गूळ जमत नाही आणि धंदा बुडतो. श्रम आणि रूप यांची इतकी रोखठोक तुलना हिंदी चित्रपटात क्वचितच झाली असेल. चुलीपुढे बसून उकळत्या रसाकडे एकाग्रतेने पाहणारी माजुबी अभिनय करीत आहे असे क्षणभरही वाटत नाही. लहानपणी रूपावरून हिणवलेल्या अभिनेत्रीने ही भूमिका करावी, यात एक न्याय होता. १९७४ साली भारत सरकारने तिला पद्मश्री देऊन गौरविले.

१९७८ साली राज खोसला यांच्या ‘मैं तुलसी तेरे आंगन की’मध्ये नूतन आली, तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘अशी तुझी प्रीत’ या मराठी कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला. पतीच्या दुसऱ्या स्त्रीच्या मुलाला आपल्या घरात आणून मानाने वाढविणाऱ्या करारी ठकुराइणीची ही भूमिका. ज्या वयात अभिनेत्रींना सर्वोत्कृष्ट नायिकेचे पारितोषिक स्वप्नातही दिसत नसे, त्या वयात तिने पाचव्यांदा ते मिळविले. पुढे ‘मेरी जंग’मध्ये पतीच्या फाशीने भान हरपलेल्या आईची भूमिका करून तिने साहाय्यक अभिनेत्रीचाही पुरस्कार घेतला. १९८६ साली ‘कर्मा’मध्ये ती दिलीपकुमार यांच्यासमवेत दिसली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ एकाच सृष्टीत वावरलेले हे दोन थोर कलावंत पडद्यावर जोडीने प्रथमच एकत्र आले होते. दूरदर्शनवरील ‘मुजरिम हाजिर’ या मालिकेने तिला नव्या पिढीच्या दिवाणखान्यातही नेले.

तिच्या खासगी आयुष्यात एक सल दीर्घकाळ राहिला. आर्थिक व्यवहारांवरून आई आणि मुलगी यांच्यात वितुष्ट आले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि जवळजवळ वीस वर्षे दोघींमध्ये अबोला राहिला. जिने भीती घालवून पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभे केले, तिच्याशीच संवाद तुटावा, यासारखे दुःख नाही. दोष कोणाचा, हे बाहेरच्यांनी ठरविण्याचे कारण नाही. सुदैवाने ऐंशीच्या दशकात मायलेकींची गाठ पुन्हा पडली आणि मने जुळली. उत्तरायुष्यात नूतन भजनांत रमली. तिचा गळा गोड होता. आईने दिग्दर्शित केलेल्या आणि बहीण तनुजा नायिका म्हणून आलेल्या ‘छबिली’मध्ये तिने स्नेहल भाटकर यांच्या संगीतात स्वतःच्या आवाजात गायिलेही होते. हीच गाण्याची आवड आता ईश्वरभक्तीकडे वळली.

१९९० साली तिला कर्करोगाने ग्रासले आणि २१ फेब्रुवारी १९९१ रोजी मुंबईत वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तिचे निधन झाले. अखेरपर्यंत हातातील चित्रपटांची कामे चालूच होती. शोभनाबाईंना मात्र आपल्या थोरल्या लेकीचा मृत्यू पाहावा लागला. त्या आणखी काही वर्षे जगल्या.

तिचा वारसा घरातच पुढे चालत राहिला. मुलगा मोहनीश अभिनेता झाला, नात प्रनूतनही चित्रपटांत आली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाच फिल्मफेअर पुरस्कारांचा नूतनचा विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ अबाधित होता. २०११ साली त्याची बरोबरी झाली ती तिच्याच भाचीकडून, तनुजाची कन्या काजोल हिच्याकडून. त्याच वर्षी भारतीय टपाल खात्याने थोर अभिनेत्रींवर तिकिटे काढली आणि देविका राणी, कानन देवी, मीना कुमारी, सावित्री व लीला नायडू यांच्या पंक्तीत नूतनला मान मिळाला. पोस्टमास्तरच्या लेकीची भूमिका अमर करणाऱ्या अभिनेत्रीचा चेहरा असा पत्रांवरून गावोगावी गेला. ललिता ताम्हणे यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे तिची जीवनकथा मराठी वाचकांनाही उपलब्ध झाली.

तिच्या मोहिनीचे रहस्य काय, असा प्रश्न रसिक अजूनही एकमेकांना विचारतात. साठच्या दशकात तिच्यापेक्षा देखण्या, तिच्यापेक्षा नृत्यनिपुण नायिका होत्या. त्यांतील अनेकींची छबी त्या काळच्या केशरचनेत आणि वेषभूषेत अडकून पडली. नूतन मात्र जुनी झाली नाही. तिने फॅशनचा आधार घेतलाच नव्हता, त्यामुळे फॅशन बदलल्याने तिचे काही बिघडले नाही. साधी वेणी, सुती साडी, कपाळावर लहानसे कुंकू आणि समोरच्याचे बोलणे मनापासून ऐकणारे डोळे. ऐकण्याचा अभिनय हा सर्वांत कठीण अभिनय असतो आणि तो तिच्याइतका थोड्यांनाच साधला. पुढे आलेल्या साधनासारख्या अभिनेत्रींनी आणि त्यानंतरच्या पिढीतील स्मिता पाटीलसारख्या कलावतींनी तिला आदर्श मानले, ते उगीच नव्हे.

प्रत्येक शाळेत, प्रत्येक वर्गात मागच्या बाकावर बसलेली एखादी सावळी, हडकुळी, अबोल मुलगी असते. घरी आणि बाहेर तिच्या रंगरूपाविषयी कोणी ना कोणी बोललेले असते आणि तिने ते खरे मानलेले असते. समर्थांच्या घरातील थोरली लेकही अशीच होती. तिला एकदा कोणीतरी विश्वासाने पुढे उभे केले. मग जगाने त्या चेहऱ्यात काय पाहिले, ते ‘सुजाता’ आणि ‘बंदिनी’च्या कृष्णधवल चौकटींत कायमचे नोंदलेले आहे.